मिटवू नका

पुसदमध्ये माझी ओळख दोनदा बदलली. आधी मी टायपिंगवाल्या मॅडम होते, पुढे कॉम्प्युटरवाल्या मॅडम झाले. मधल्या काळात टाइपरायटर गेले. त्यातले दोन अजून माझ्या माळ्यावर आहेत आणि भंगारवाला दर महिन्याला मोठ्या आशेनं वर बघून जातो. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मी दुकानाचं शटर ओढलं. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, मॅडम, एवढ्या वर्षांत सगळ्यात अवघड रिपेअर कोणतं? त्यांना वाटतं मी वीज पडून जळालेल्या एखाद्या मशीनची गोष्ट सांगेन. मला मात्र आठवतो एक ब्राउझर. उघडायचा आणि मिटायचा, बस, एवढंच. पण त्या दुपारी मी जेवढी घाबरले, तेवढी उघड्या वायरीला हात लागला होता त्या दिवशीही घाबरले नव्हते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगते. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो तो प्रोग्राम. तो नुसता खिडकी नसतो, त्याला पोटही असतं. तुमचे पासवर्ड, तुम्ही जपून ठेवलेली पानं, तुमच्या मेलचा उघडा दरवाजा, हे सगळं तो एका फोल्डरमध्ये साठवत असतो. तुम्ही विसरता, तो विसरत नाही. म्हणून ब्राउझर बिघडला की माणसं इंटरनेट बंद पडलं म्हणून जेवढी घाबरतात, त्याहून जास्त घाबरायला हवं.

दुसरी गोष्ट, फॉरमॅट. ताप आला की डॉक्टरला ‘सलाईन लावा’ म्हणून सांगणारी माणसं आपली. कॉम्प्युटरलाही त्यांनी एकच औषध ठरवून टाकलं आहे, ‘फॉरमॅट मारा.’ म्हणजे आतलं सगळं पुसायचं आणि मशीन कोऱ्या पाटीसारखं पुन्हा उभं करायचं. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश, कारण डोकं चालवावं लागत नाही. आत काय होतं ते विचारायचं राहून जातं. मीही पुष्कळदा विचारलं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगत नाही.

आणि एक माझी स्वतःची खोड. नवीन मशीन उभं करताना ते विचारतं, वापरणाऱ्याचं नाव काय? बाकीचे मेकॅनिक तिथं इंग्रजीत काहीतरी ठोकून मोकळे होतात. मी मराठी टायपिंग शिकवलेली बाई. मी मालकाचं नाव शुद्ध मराठीत, मानानं टाकायची. ‘गणपतराव’, ‘सलीमभाई’, ‘डॉक्टरीणबाई’. मशीन सुरू झालं की पडद्यावर आपलं नाव आपल्या लिपीत बघून माणूस जो काही फुलायचा, ते बघण्यासारखं असे. त्याच नावाचं एक फोल्डर मशीन आपोआप तयार करतं आणि त्या माणसाचं सगळं काही, ब्राउझरच्या पोटासकट, त्या फोल्डरात जाऊन बसतं. पुसद ते महागाव, माझ्या हातची मशीनं नावावरून ओळखू यायची.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एका ब्राउझरची नवी आवृत्ती आली. ती कोणाला विचारून येत नाही, आपोआप येऊन बसते. त्यानंतर सायकलवाले सलीमभाई मशीन घेऊन आले. खिडकी उघडे, क्षणभर पांढरी राही आणि मिटून जाई. मी इकडचं तिकडचं बघितलं आणि मारला फॉरमॅट. माझ्या पेनड्राइव्हवर जुनी आवृत्ती होती, ती टाकली, छान चालली. चौथ्या दिवशी सलीमभाई परत दारात. ब्राउझरनं स्वतःला पुन्हा नवीन करून घेतलं होतं आणि पुन्हा मिटत होता. वर त्यांचे सगळे पासवर्ड माझ्या फॉरमॅटमध्ये वाहून गेलेले. ते भांडले नाहीत. स्टूलवर बसून शांतपणे म्हणाले, “मॅडम, मशीन बीमार था, आपने तो उसका दिमागच धो डाला.” मी हसले खरी. फॉरमॅट मारूनही जे परत येतं, ते दुखणं मला कळलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला, त्यांचंही तसंच. आपला हात गेला की काय, ही भीती पन्नाशीनंतरच्या कारागिराला फार आतून लागते.

अशा अवस्थेत ते दोघं आले. दुपारचे दोन वाजले असतील. पुढं प्रमोद, फुलसावंगीचा शेतकरी, खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू. मागं त्याची वहिनी, अर्चना. मी दोघांनाही ओळखत होते. अर्चनाचा नवरा सुनील गावच्या शाळेत शिकवायचा, माझ्याकडंच टायपिंग शिकला होता आणि लग्नानंतर बायकोलाही माझ्याकडंच घेऊन आला होता. दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत परीक्षा पास केली, अर्चनानं त्याच्यापेक्षा चांगल्या गुणांनी, आणि त्याला त्याचं कोण कौतुक. आदल्या वर्षी काविळीनं तो गेला. पाच वर्षांची मुलगी मागं राहिली. हे मशीन मीच त्याला उभं करून दिलं होतं.

प्रमोदनं सीपीयू टेबलावर ठेवला, घाम पुसला. मशीन त्यानं आपल्या खोलीत नेलं होतं, त्याच्या मुलाच्या क्लाससाठी. नेट जोडलं आणि ब्राउझर बिघडला.

“फॉरमॅट मारून द्या मॅडम याले. आतमंधी काही कामाचं नाही.”

मी सवयीनं हो म्हणाले. वायरी जोडल्या, मशीन सुरू केलं. पडद्यावर माझ्याच हातचं नाव उमटलं, ‘सुनीलराव’. अर्चनानं तोंड फिरवलं. मला वाटलं, नवऱ्याचं नाव दिसलं म्हणून. मी तिला समोरच्या बाकावर बसवलं. तिच्यापुढं काउंटरवर एक सुटा कीबोर्ड पडला होता, वायर कशालाही न जोडलेला. तिनं त्यावर बोटं ठेवली आणि चाळा करायला लागली.

माझ्याकडं शिकलेली प्रत्येक मुलगी रिकाम्या वेळी टेबलावर, गुडघ्यावर, पर्सवर टायपिंग करते, त्यात नवल नाही. पण माझं आयुष्य मुलींच्या बोटांकडं बघण्यात गेलं आहे. वर्गात वीस मशीनं एकदम वाजत असताना कोणाचं बोट चुकलं ते मला पाठमोरीला कळायचं. मराठी टायपिंगची एक गंमत आहे. बोलताना आपण ‘मि’ म्हणतो, लिहिताना म आधी काढतो, पण टाइप करताना पहिली वेलांटी आधी मारावी लागते, अक्षर मागून. नवशिक्यांची सगळी रड तिथंच. अर्चनाची बोटं तिथूनच सुरू होत होती. वेलांटी, म, ट, व, दीर्घ उकार. अंगठ्यानं जागा सोडली. न, क, काना. मग थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच. हा चाळा नव्हता.

मिटवू नका.

माझा हात माऊसवर होता तिथंच राहिला. मी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. चेहरा कोरा, कपाळावर घाम, आणि बोटं मात्र चालूच. प्रमोद तिच्या शेजारी हातभर अंतरावर बसून फोन बघत होता. एकाच माणसापासून लपवायचं होतं आणि तोच शेजारी बसलेला होता.

मला काय करावं सुचेना. खोटं बोलण्याची सवय नसली की खोटं बोलताना आवाज चिरका होतो. माझा झाला. मी म्हटलं, प्रमोदभाऊ, आतला छोटा सेल उतरला आहे, घड्याळात असतो तसा. तो बदलल्याशिवाय फॉरमॅट धरणार नाही. माझ्याकडचे संपलेत, मेन रोडला घड्याळवाल्याकडं मिळेल. सेल चांगला ठणठणीत होता. प्रमोद उठला आणि म्हणाला, “चला वहिनी, तिकडूनच पोरीचा ड्रेस बी घेऊ.” ती उठायला लागली. मी घाईनं म्हटलं, मशीन सुनीलच्या नावावर घेतलेलं आहे, पुसायचं तर तिची सही लागेल, तिला बसू द्या. असा कोणताही नियम नाही. त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि चपला घालून गेला.

अर्चनाला रडायलाही वेळ नव्हता, तिनं भराभर सांगितलं. यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहात लिपिकाची जागा निघाली होती. तिनं याच मशीनवर, घरी कोणाला न सांगता, अर्ज भरला होता. मुलाखतीचं पत्र मेलवर आलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. छापायला गावात सोय नव्हती, तेवढ्यात मशीन प्रमोदच्या खोलीत गेलं. मुलाखत परवा. पत्राची छापील प्रत असल्याशिवाय आत सोडणार नव्हते.

“तुझा मेल माझ्या मशीनवर उघडू की,” मी म्हटलं.

“पासवर्ड त्यायनं टाकला होता मॅडम. मले माहीत नाही. त्या ब्राउझरलेच माहीत हाये.”

मग नव्या पासवर्डसाठी फोनवर कोड मागवू, मी म्हणणार होते, तर तीच म्हणाली, “कोड त्यायच्या नंबरवर येते. ते सिम भाऊजीच्या खिशात हाये.”

हे ऐकलं आणि मी दाराकडं बघितलं. घरात ठरलं होतं की शिकलेली असली तरी सून बाहेर जायची नाही, सुनीलची पोरगी याच घरात वाढेल. प्रमोदला अर्जाचा वास लागला असता तर परवा ती एसटीत बसू शकली नसती. आणि तिच्या पत्राचा रस्ता फक्त त्या ब्राउझरमधून जात होता, जो उघडताच मिटत होता. पुसद काही मोठं शहर नाही. घड्याळवाल्याकडं जाऊन यायला फार तर वीस मिनिटं.

मी कामाला लागले. असा ब्राउझर पडला की मेकॅनिक एकेक संशयित बाजूला करत जातो. आधी त्याला साध्या रूपात, म्हणजे वरची सगळी जोडकामं बंद ठेवून उघडायचा. उघडला, पांढरा झाला, मिटला. मग अँटिव्हायरसवर संशय. तो बंद केला. पांढरा, मिटला. पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे ड्रायव्हरवर संशय, तोही बदलला. मिटला. प्रत्येक वेळी ती पांढरी खिडकी दिसली की अर्चना श्वास धरायची, आणि मिटली की सोडायची. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखी तिकडंच बघत होते.

दहा मिनिटं गेली. शेवटी मी माऊस सोडला आणि स्वतःला विचारलं, सलीमभाई, डॉक्टरीणबाई आणि हे. तिघांची मशीनं वेगळी, वयं वेगळी. सारखं काय? उत्तर पडद्यावर माझ्याकडं बघत होतं. तिन्ही माझी. तिन्हीवर मी मराठीत नाव घातलेलं.

ब्राउझर सुरू होताना आपलं पोट शोधत त्या नावाच्या फोल्डरात जातो. जुन्या आवृत्तीला मराठी पाटी वाचता यायची. नवीन पोस्टमन आला, त्याला वाचता येईना, आणि परत जायचं सोडून तो दारातच चक्कर येऊन पडत होता. सलीमभाईंचं मशीन मी पुसलं आणि पुन्हा तीच पाटी लावली, मग दुसरं काय होणार. ज्या गोष्टीचा मी गावभर तोरा मिरवला, तीच आज या मुलीच्या दारात आडवी पडली होती. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी वाटली नव्हती.

उपाय सोपा होता. ब्राउझरचं पोट होतं तसं उचललं आणि मशीनच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे ड्राइव्हवर, इंग्रजी नावाच्या नव्या फोल्डरात ठेवलं. नाव सुचायलाही वेळ नव्हता, ARCHANA टाकलं. ब्राउझरला सांगितलं, आता इथून उघड. खिडकी आली, पांढरी झाली, आणि ती पांढरीच राहिली, मग भरली. सुनीलनं जपून ठेवलेली पानं वर ओळीनं दिसायला लागली, शाळेचं, पावसाच्या अंदाजाचं, लहान मुलींच्या फ्रॉकचं. अर्चनानं पदर तोंडात धरला.

मेलचं पान उघडलं. नाव भरलेलं, पासवर्डच्या जागी काळे ठिपके भरलेले. नुसतं ‘आत जा’ दाबायचं होतं. आणि इथं माझ्याकडून ते झालं. हजारो मुलींना मी सांगत आले, घाईत बोट घसरतं, डोळा कागदावर ठेवा. माझा डोळा दारावर होता. बोट खालच्या ओळीवर पडलं, ‘पासवर्ड विसरलात?’, आणि पान म्हणालं, कोड पाठवला आहे.

कोड पाठवला होता. सुनीलच्या नंबरवर. प्रमोदच्या खिशात.

अर्चनानं वाचलं. तिनं माझा दंड धरला. या वेळी तिची बोटं काहीच टाइप करत नव्हती. मी मागं आले, बरोबर जागी दाबलं, मेल उघडला, पत्र सापडलं, छपाईला पाठवलं. माझा प्रिंटर आधी खाकरतो, मग घुं घुं करतो, मग कागद ओढतो. त्या दिवशी तो मला देवळाच्या नगाऱ्याएवढा मोठा वाटला. दोन पानं होती. पहिलं बाहेर येत असताना फरशीवर बाहेरून सावली पडल्यासारखं वाटलं. मी मान वर केली, कोणी नव्हतं. दुसरं पान आलं. तिनं दोन्ही घडी करून ब्लाउजमध्ये खुपसली. मशीनमधले सुनीलचे फोटो मी तिच्यासाठी पेनड्राइव्हवर ओढून घेतले.

प्रिंटर थांबला आणि प्रमोद आत आला. हातात कागदाच्या पुडीत सेल. चेहऱ्यावरून काही कळेना. तो म्हणाला, “झालं का?”

मी अर्चनाकडं बघितलं. ती पुन्हा बाकावर, तो सुटा कीबोर्ड पुढ्यात. बोटं हलली. वेलांटी, म, ट, व, काना. मिटवा.

मी फॉरमॅट मारला. पट्टी भरत गेली, सुनीलराव गेले, ती सरळ पडद्याकडं बघत राहिली. नवीन नाव विचारल्यावर मी प्रमोदला विचारलं, काय टाकू? तो म्हणाला, “दादाचंच राहू द्या.” मी आयुष्यात पहिल्यांदा मशीनच्या मालकाचं नाव इंग्रजीत टाकलं. ते दोघं गेल्यावर शटर अर्धं ओढून मी कितीतरी वेळ तशीच बसले. कोडाचा मेसेज त्यानं घरी जाऊन वाचला तर, हा एकच विचार. परवाचा दिवस मी रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ऐकत काढला.

सलीमभाईंना आणि डॉक्टरीणबाईंना मी फोन करून चूक कबूल केली. बाकीच्या पंधरा-वीस मशीनांच्या घरी स्वतः जाऊन पाट्या बदलल्या. सलीमभाई म्हणाले, चलो, नाम गया, जान बची.

दोन महिने गेले. दिवाळीच्या आधी एका सकाळी प्रमोद दुकानात आला, एकटा. मी उभीच राहिले. तो स्टूलवर बसला, इकडं तिकडं बघितलं, म्हणाला, “वहिनी गेली यवतमाळले. पोरगी बी नेली. नोकरी लागली थे तुमाले माहीत असन.”

घरात आता कोणीच नाही दुपारचं, तो सांगत होता, पोरगी दिवसभर बडबडायची, आता भिंती खायला उठतात. रागात बोलत नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. मग त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि काउंटरवर ठेवली. आत तोच सेल, पाकीट न फोडलेला. फॉरमॅट मारायच्या घाईत मी तो बसवायचा विसरले होते. तो तिथंच पडलेला त्यानं जाताना उचलून नेला होता.

“याचं काही काम नोतं ना मॅडम?”

मी खरं सांगितलं, नव्हतं.

“मले तवाच समजलं. घड्याळवाल्याच्या दुकानातच होतो, दादाच्या फोनवर कोड आला. दादाले कोण कोड पाठवन? मी पळत आलो. तुमच्या दारापर्यंत आलो.”

“मग आत का आला नाहीत?” मी विचारलं.

बाहेर रस्त्यावर कापसाची गाडी अडली होती, हॉर्न वाजत होते.

“मशीनचा आवाज येऊन राह्यला होता, कागद निघून राह्यला होता. आत आलो असतो, त मले नाही म्हणा लागलं असतं. घरचा मोठा आता मीच ना. म्हून भिंतीले टेकून उभा राह्यलो, तुमचा कागद निघेपर्यंत.”

तो उठला. दारात थांबून म्हणाला, ते सिम अजून चालू ठेवलं आहे, दर महिन्याला रिचार्ज मारतो, तिला कधी कोड लागला तर ती फोन करेल म्हणून.